बोर्डावरची तिसरी ओळ

माणूस गेला की त्याच्याशी असलेले सगळे वाद त्याच्याबरोबरच विझतात. मागे उरते ती फक्त कृतज्ञता.

दाजी, हे वाक्य मी तुमच्या शोकसभेत म्हटलं. शहरातल्या लोधीपुऱ्यातला तो हॉल असा आहे की तिथे चपला बाहेर काढण्याची सूचनाही घटनेतल्या कलमासारखी ऐकू येते, त्यामुळे वाक्य मला स्वतःलाही पटलं. तुमच्या फोटोमागच्या फ्लेक्सवर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे तुमच्या चेहऱ्याहून मोठे छापले होते आणि त्यातले दोघे हसत होते. मी मान खाली घालून आक्काशेजारी येऊन बसलो. माझी थोरली बहीण एरवी सभेत बोलत नाही. तिने पदर सावरला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वाद विझले म्हंते. मंग बोर्डावरचं वाक्य कधी लिहितो?"

पुढचे तीन वक्ते काय बोलले ते मला आठवत नाही.

जसोंडीच्या बागेत तुम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात त्याला सहा वर्षं झाली. उंच जोतं, वर पत्रे, पुढे लांब व्हरांडा, व्हरांड्याच्या उजव्या टोकाला न्हाणीघर. शहरातल्या माणसांनी यावं, केळीच्या बागेत राहावं, आक्काच्या हातचं भरीत खावं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून असीरगड पाहावा, अशी योजना. तुम्ही त्या दोन खोल्यांना 'इस्टेट' म्हणायचात आणि पाहुणे आले की स्वतःलाच फेटा बांधून घ्यायचात. रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड लावलात. सिंधीपुऱ्यातल्या पेंटरने पहिली ओळ रंगवली, 'केळीबाग मुक्काम, जसोंडी'. दुसरी रंगवली, 'दोन खोल्या, घरचं जेवण'. तिसऱ्या ओळीसाठी त्याने वीतभर जागा सोडली, आणि ती मोकळीच राहिली. कारण घरातल्या पत्रिकांपासून गावातल्या मानपत्रांपर्यंत सगळा मजकूर माझ्याकडून लिहून घ्यायचा हा तुमचा शिरस्ता, आणि 'येथून असीरगड दिसतो' हे वाक्य लिहून द्यायला मी नकार दिला होता.

तुम्ही दाखवायचात ती टेकडी होती. माझं म्हणणं एवढंच.

"सालेसाब," तुम्ही म्हणायचात, "दख्खनचा दरवाजा हाय तो. लोकं त्याच्यासाठी फौजा घेऊन आले. तुमाले खुर्चीत बसून दिसून राह्यला, तर तुमाले नको."

"दरवाजा इतका जवळ असेल तर कडी वाजवून बघा," मी म्हणायचो.

मी एकदा नकाशा आणला. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, "ह्याच्यात केयी किती उंच दाखवली?" केळी दाखवलेली नव्हती. तुम्ही नकाशा घडी करून परत दिलात, जणू माझाच उमेदवार पडला.

या वादाचं मूळ गडावरच आहे. तुमचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, मी कॉलेजात होतो. तुम्ही मला बसने पायथ्याशी नेलंत आणि ती चढण चढवलीत. गडावरच्या देवळात रोज पहाटे कोणी न वाहता सापडणाऱ्या ताज्या फुलाची गोष्ट मी इथे सांगत नाही. गडावर जाणाऱ्याला ती वाटेतच तीन जण सांगतात. तुम्ही मात्र मला थेट दक्षिणेकडच्या तटावर नेलंत. खाली तापीचं खोरं पसरलेलं, नजर जाईल तिथपर्यंत हिरवं. तुम्ही बोट दाखवलंत. "ते पाह्य, आपली बाग."

"यातली कोणती?"

"सगळ्यात हिरवी."

आक्काने कसल्या माणसाशी लग्न केलंय ते मला त्या क्षणी कळलं. आणि तो माणूस मला आवडला, हे मी तुम्हाला पुढे कधीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तेही बोर्डावर लिहायला लावलं असतं.

वरून बाग दिसते त्याअर्थी बागेतून गड दिसतो, हा तुमचा सिद्धांत. तर्कात खोट नव्हती; फक्त बाग दिसली होती ती तुम्हाला एकट्याला. शेवटी गेल्या उन्हाळ्यात अट मीच घातली. एकाने गडावर जाऊन आरसा चमकवायचा, दुसऱ्याने जसोंडीतून पाहायचं. दिसला, तर मी वाक्य लिहीन. तुम्ही त्याच संध्याकाळी आक्काच्या कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून उतरवलात आणि घोंगडीत गुंडाळून ठेवलात. आक्का तेव्हापासून तळहाताएवढ्या आरशात भांग पाडत होती. पावसाळा संपून आकाश स्वच्छ झालं की निघायचं ठरलं. आकाश स्वच्छ झालं. मी म्हणालो, पुढच्या रविवारी. मग त्याच्या पुढच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला रविवारच कशाला लागतो, हे तुम्ही विचारलं नाहीत.

खरं कारण आता सांगायला हरकत नाही. निकाल कसाही लागला तरी वाद संपणार होता. आणि तो संपला की आपल्या दोघांना बोलायला हवापाणी आणि गुडघे एवढेच विषय उरले असते.

त्या दिवसांतही तुम्ही नेहमीसारखी माझ्या दाराला केळीची फणी अडकवून गेलात. कच्ची फणी आणायची आणि ती कधी पिकेल तो वार बॉलपेनने सालीवर लिहायचा, ही तुमची आणखी एक पद्धत. तुमचा गुरुवार माझ्या घरात शनिवारी उजाडायचा; मी तुम्हाला तसं कळवायचो, आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या थंडीला दोष द्यायचात. शेवटच्या फणीवर 'रविवार' लिहिलेलं होतं. तुम्ही बुधवारी गेलात. बागेतल्या हौदावर, मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ करून उठलात आणि तिथेच खाली बसलात. न्हाणीघर पाहुण्यांचं, आपण हौदावर, हा नियम तुम्ही स्वतःवर सहा वर्षं लावून घेतला होता.

रविवारी मी फणी काढून पाहिली. बरोब्बर पिकली होती. मी एक केळं खाल्लं, मग आणखी एक, आणि मग बराच वेळ तसाच उभा राहिलो, कारण कळवायला कोणी नव्हतं.

तेराव्या दिवशी गंधमुक्ती होऊन सुतक फिटलं, नातेवाईक पांगले, आणि आक्काने मला व्हरांड्यात समोर बसवलं. "पुढच्या शनिवारी लोकं येनार हायेत. चौघं. ह्यांनी जायच्या आधी त्यांले हो म्हनून ठेवलं," ती म्हणाली. "मले एवढंच सांग बापू, ह्यांची एक गोष्ट तरी खरी व्हती का नाही? साऱ्या गावाले गड दाखवला. खोटं असन तर बोर्ड उतरवून आन. मी खोल्यांले कुलूप घालते."

"आक्का, खोल्यांचा आणि गडाचा काय संबंध?"

"संबंध हाय," ती म्हणाली. ती एवढंच म्हणते तेव्हा पुढे बोलायचं नसतं.

म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी तुमची पल्लवी आणि मी तुमचा आरसा घेऊन गडावर गेलो. आक्काला फोन हातात देऊन व्हरांड्यात, तुमच्याच खुर्चीत, तुमच्या टेकडीकडे तोंड करून बसवलं होतं.

दाजी, मला तुम्हाला हे सगळं सांगायचंय. ते कोणाला सांगायचं हे मला कळत नाहीये, आणि गप्प बसवत नाहीये. साठी उलटलेला माणूस घोंगडीतला आरसा एका टोकाने धरून पडक्या दरवाज्यांतून चढतो, दुसऱ्या टोकाला इंदूरला नोकरी करणारी भाची "मामा, स्टेप आहे, स्टेप, आराम से" म्हणत उलटी चालते, आणि चाळीस वर्षं ज्या तटबंदीला मी 'पडझड' म्हणत आलो ती समोर येताच मी आरसा टेकवून उभाच राहतो. चढण्यामुळे असेल. पण तसं नव्हतं. गड प्रचंड आहे हो. कोपरे ढासळलेत, बुरुजांवर झुडपं उगवलीत, बराकींना छप्पर नाही, आणि तरी तो असा बसलाय की ज्या ज्या राजांनी तो घेतला त्यांनी उगीच इतका डामडौल केला असं वाटावं. गडाने त्यांची दखल घेतलेली दिसत नाही.

वर चौकीदार भेटला. पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. त्याने घोंगडीकडे पाहिलं. "शूटिंग है क्या? शूटिंग का परमिशन लगता है."

"शूटिंग नहीं, अंकल," पल्लवी म्हणाली. "घर को आईना दिखाना है."

त्याने यावर विचार केला. आईना दाखवायला परवानगी लागते असं त्याच्या फलकावर कुठे लिहिलेलं नव्हतं. तो आमच्यामागून तटापर्यंत आला.

तोच दक्षिणेकडचा तट. खाली तीच हिरवळ. पल्लवीने मोबाइलवर जसोंडीची दिशा काढली, मी त्या दिशेला हात लांब करून दोन बोटं उघडली, तिने आरसा असा फिरवला की कवडसा माझ्या बोटांवर पडेल, आणि बोटांच्या फटीतून आम्ही तो खोऱ्यात सोडून दिला. फोन स्पीकरवर होता.

"आक्का, दिसलं?"

"काई नाही."

"टेकडीकडेच बघ. मान हलवू नको."

"मान नाही हलवत, पन चुलीवर दाय हाय."

आम्ही आरसा तसूतसूने फिरवला. डावीकडून उजवीकडे, परत. पल्लवीचे हात दुखले तेव्हा चौकीदाराने न विचारता खालची कड धरली. "थोडा नीचे, बेटा. गाँव नीचे है." आता आमच्यात सगळ्यात जास्त घाई त्यालाच होती.

"आक्का?"

"अरे नाही रे बाबा. डोये दुखून राह्यले. पानी मारून येते."

फोनवर चपलांचा आवाज, मग दार, मग बादली. पल्लवी माझ्याकडे बघत होती. वाद मी जिंकत होतो, दाजी, आणि आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागलो: अंतर फार आहे, हवेत धुरकं आहे, आरसा जुना आहे. तुमच्या बाजूने मी पुरावे गोळा करत होतो, तेही सगळे लंगडे.

आणि फोनमधून ओरडा आला. "बापू! अरे बापू! ह्या बाथरूमच्या खिडकीतून कायचं चमकून राह्यलं रे?"

"कुठं? कुठं चमकतंय?"

"तिकडं लांब! डोंगरावर! चांदनी पडल्यासारखं! अरे, गेलं. आलं!"

पल्लवी आरसा सोडून उडी मारणार होती. चौकीदाराने तो छातीशी धरला. मी ओरडलो, "थांब! थांबा सगळे!" कारण मी शेवटी मीच आहे. उन्हात काहीही चमकतं, पत्रा चमकतो, ट्रकची काच चमकते. "आक्का, आता आम्ही घोंगडीने झाकतो आणि उघडतो. किती वेळा ते तू सांग. आम्ही सांगणार नाही."

झाकलं, उघडलं. झाकलं, उघडलं. झाकलं, उघडलं. मग झाकूनच ठेवलं.

मग आक्काचा आवाज, शाळेतल्या मुलीसारखा मोजणारा. "तीन. आता बंद हाय."

"साब!" चौकीदार म्हणाला, "पाँच करके देखिए!" आम्ही पाच केले. आक्का म्हणाली, पाच. आम्ही दोन केले. दोन. पल्लवी रडत होती आणि हसत होती आणि म्हणत होती, "मम्मी, पप्पा सही थे! मम्मी, सही थे यार!" चौकीदाराने शिट्टी फुंकली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी, ज्याने आजवर प्रत्येक मिरवणुकीकडे खिडकी लावून पाहिलं, तटावर उभा राहून दोन्ही हात हलवत होतो. इतक्या लांबून कोणाला दिसणार होते? पण हलवत होतो.

आक्काने आम्हाला आणखी अर्धा तास सोडलं नाही. "एक डाव पुन्हा," "आता सहा करा." मग म्हणाली, "मंजे खरं बोलत व्हते." आणि लगेच, "दाय लागली वाटते," आणि फोन बंद.

आता निकाल ऐका. तो तुम्हाला आवडणार नाही, आणि मलाही आवडलेला नाही. जसोंडीतून असीरगड दिसतो. तुम्ही बरोबर. तुम्ही दाखवायचात तो असीरगड नाही. मी बरोबर. गड तुमच्या टेकडीच्या चांगला उजवीकडे आहे, आणि व्हरांड्यातून तो दिसत नाही, कारण मध्ये न्हाणीघर आहे.

मी आक्काकडून सगळं काढून घेतलं. खोल्या बांधायच्या आधीच्या वर्षी बाग ऐन भरात होती, डोक्याच्या वर, आणि वादळात एका ओळीतली झाडं आडवी झाली. त्या फटीतून तुम्हाला टेकडी दिसली. तुम्ही म्हणालात, हाच गड. मग त्या फटीकडे तोंड करून व्हरांडा बांधलात. न्हाणीघर उजवीकडे घातलंत, कारण उतार तिकडे आहे आणि सांडपाणी सरळ केळीला जातं. आपल्याकडे घर बांधताना न्हाणीचं पाणी कोणत्या केळीला जाईल ते आधी ठरतं, मग देवघर. जोतं उंच असल्यामुळे न्हाणीघराच्या खिडकीतून नजर केळीच्या शेंड्यांवरून थेट गडावर जाते. खिडकीला दुधी काच, ती कायम लावलेली. त्या दिवशी आक्काने टॉवेल वाळत घालायला उघडली होती. सहा वर्षांत एखाद्या पाहुण्याने ती उघडून गड पाहिलाही असेल. पण त्याला तुम्ही फेटा बांधून व्हरांड्यातून दुसराच दाखवला होता. पुण्याच्या एका कुटुंबाने तर 'काय भव्य तटबंदी' म्हणत टेकडीचे फोटो काढले. मी विचारलं, त्या टेकडीला नावही नाही.

तुम्ही हौदावर अंघोळ करत राहिलात म्हणून तुम्हाला तो दिसला नाही. आणि मला?

दर वेळी तुम्ही म्हणायचात, "सालेसाब, राहा ना आज." दर वेळी मी अंधार पडायच्या आत घरी परत. माझी उशी, माझी पुस्तकं, माझं पोट. सहा वर्षांत एकही मुक्काम नाही. मी एकदा राहिलो असतो, सकाळी अंघोळीला गेलो असतो, वाफ बाहेर जावी म्हणून खिडकी उघडली असती, तर अंगावर पंचा गुंडाळून तुम्हाला हाक मारली असती. तुम्ही हौदावरून ओलेच धावत आला असतात. त्या अडीच हात जागेत आपण दोघं उभे राहिलो असतो, आणि मी हरलो असतो, आणि मग लगेच व्हरांड्याच्या दिशेवरून नवा वाद काढला असता. तुमचं काहीच गेलं नसतं. वाद संपेल अशी भीती बाळगणारा मी किती कमी ओळखत होतो आपल्याला.

त्या दिवशी मी राहिलो. गडावरून उतरून परत आलो तर आक्काने दुसऱ्या खोलीत गादी घालून ठेवली होती. मी राहणार का, हे तिने विचारलंच नाही. सकाळी न्हाणीघरात गेलो, खिडकी उघडली. केळीच्या शेंड्यांच्या मागे, खूप लांब, निळसर, सपाट माथ्याचा तो बसलेला. अंगठ्याच्या नखाने झाकता येईल एवढा. पाणी गार होईपर्यंत मी तिथेच होतो. बाहेरून आक्का म्हणाली, "बापू, दिसला?" मी म्हणालो, "दिसला." यापेक्षा मोठं भाषण मला सुचलं नाही, आणि शोकसभेतल्या भाषणापेक्षा हे खरं होतं.

पेंटर गुरुवारी आला. मी त्याला वाक्य दिलं, तुमचंच, एकही शब्द न बदलता: 'येथून असीरगड दिसतो.' मग मला राहवेना. सुरुवातीला 'न्हाणीघरातून' असं घालता येईल का, विचारलं.

"मास्तर, वीतभर जागा आहे," तो म्हणाला.

"राहू दे रे," आक्का म्हणाली. "आल्यावर सांगू. अन् वाद घालायचा असन तर तूच घाल, इथी राहून."

आरसा परत कपाटाच्या दाराला लावला. एक स्क्रू सापडत नाहीये. तो कुठे ठेवलात ते तुम्हीच जाणे. खोल्यांना कुलूप घातलेलं नाही. दर रविवारी मी मुक्कामाला येतो असं ठरलंय, पाहुण्यांना गड दाखवायला. फेटा बांधणार नाही, हे आक्काला स्पष्ट सांगितलंय.

शनिवारचे पाहुणे येऊन गेले. चौघं होते; न्हाणीघरात जो गेला तो खिडकीशीच उभा राहिला. गरम पाणी दुसऱ्यालाच संपलं.